बिनधारेचं हत्यार

बानूबाईनं ताटाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटून हात जोडले आणि पहिला घास तोंडात घातला, की चांगदेवाच्या तोंडाचा पट्टा सुटलाच म्हणून समजा. आषाढी एकादशीपासून हे असंच चाललं होतं. मुक्यानं जेवायचं हा तिचा नेम, आणि ती मुकी असताना बोलून घ्यायचं हा त्याचा.

चातुर्मासाचं व्रत होतं ते. ताटावर बसलं की उठेपर्यंत शब्द काढायचा नाही. निघालाच, तर घास टाकून उठायचं, ताट गाईपुढं ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी तुळशीला पाणी घालेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. माहेरी निमोण्याला आईनं घालून दिलेला हा नेम राहू गावी सासरी आल्यावरही तिनं मोडला नव्हता. एकदा चुलीपाशी विंचू निघाला, तेव्हाही ती ताटावरून नुसतं बोट दाखवत राहिली होती आणि सासूनं, ताईबाईनं, तो चिमट्यात धरून बाहेर नेला होता.

“दाढी करू का म्हणं ह्यानं!” चांगदेवानं बुक्कीनं कांदा फोडला. “भर दुकानात! मी पेचकस हातात दिला, तर मिस्त्रीनं टोकावरनं अंगठा फिरवला आन् म्हणं, लोहार, दाढी करू का ह्यानं? बसल्याली समदी दात काढाया लागली. बापजन्मात माझ्या हत्याराला कुणी हसलं न्हाई. आन् तू! चाक फिरवतीस का जातं वढतीस? गचके देतीस, म्हणून माझा हात हालतो.”

बानूबाई घास चावत राहिली. धारेच्या चाकाला गचके नव्हते. चाक ती अशी फिरवायची, की वर ठेवलेला पाण्याचा तांब्या हिंदकळला नसता. पण हे सांगणार कसं?

ताईबाई भिंतीला टेकून दात नसलेल्या तोंडानं भाकरीचा काला चघळत होती. ती म्हणाली, “चांगू, तिच्या तोंडाला कुलूप हाय म्हणून लय जोर करतूस. संध्याकाळी बोल की.”

“संध्याकाळी ती बोलती!” चांगदेव म्हणाला.

मिस्त्री म्हणजे दौंडचे जयसिंग मिस्त्री. स्टेशनामागच्या आळीत त्यांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं, सरकारी लायसनचं. नदीकाठच्या उसात डुकरं शिरायची, म्हणून बऱ्याच बागायतदारांनी बंदुका घेतलेल्या; त्या दुरुस्तीला त्यांच्याकडे यायच्या. बंदुकीच्या पेचाची, म्हणजे स्क्रूची, तऱ्हाच वेगळी. डोक्यावरची चीर केसासारखी बारीक. बाजारचा पेचकस टोकाकडे निमुळता. जोर दिला की चिरेतून वर चढतो आणि चिरेचे ओठ खरवडून टाकतो. एकदा ओठ गेले, की तो पेच देवालासुद्धा निघायचा नाही. म्हणून मिस्त्रींना ज्या त्या पेचाच्या मापाचे, हातानं घडवून घासलेले पेचकस लागत. त्यांच्या वडिलांपासूनचे होते, ते झिजून बोटाएवढे राहिले होते.

दौंडच्या बाजारात त्यांनी एकदा चांगदेवाची छिन्नी घेतली होती. ती वाकली नाही, तुटली नाही. तेवढ्यावर हे काम त्याच्याकडे आलं. बंदूक दुकानाबाहेर द्यायला कायद्याची बंदी, म्हणून मिस्त्रींनी मोडीतले पाच पेच तपकिरीच्या डबीत घालून दिले. ह्या पाच चिरांचे पाच पेचकस.

“हात बसला तर दुकानात घ्याल का मला?” चांगदेवानं तिथंच विचारलं होतं.

“बघू की,” मिस्त्री म्हणाले होते.

चांगदेव त्या दिवशी यष्टीतून उतरला तो हवेतच. बानूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, “अवं, बघू म्हंजी न्हाई.”

“तुझ्या निमोण्यात आसंल.”

“निमोण्यात काय आन् राहूत काय. माझ्या बानं दोन स्थळांना बघू म्हणलं. पावणं काय समजायचं ते समजलं आन् पायताण घालून निघालं. तुमाला तेवढं त्यांनी ‘सुपारी फोडू’ म्हणलं.”

“दौंड शहर हाय. शहरात बघू म्हंजी बघू.”

तिनं पुढं ताणलं नाही. माणसाला धरायला काहीतरी लागतंच. दुष्काळाचं साल सरून दोन-तीन पावसाळे झाले होते, पिकं उभी होती, पण भट्टीकडे कुणी फिरकत नव्हतं. खुरपी, विळे केडगावच्या दुकानात टांगलेले मिळत. नांगर कारखान्याचे. भात्याच्या कातड्याला उंदरांनी भोकं पाडली होती. आणि बानूबाईचा भाऊ हौसराव, भोसरीच्या एका कंपनीत लागलेला, दर खेपेला म्हणायचा, “दाजी, चला. माझ्या वशिल्यानं लावतो. मशिनीखालचा चुरा गोळा करायचा, बास.” दुसऱ्यांनी कातलेल्या लोखंडाचा चुरा झाडूनं गोळा करायचा! तो गेल्यावर रात्री चांगदेवानं विझलेल्या भट्टीत फुंकणीनं उगाच दोनदा फुंकलं होतं. भादवी पोळ्याला हौसराव शेवटचं विचारायला येणार होता. जागा कंपनी अडवून ठेवणार नव्हती.

म्हणजे पोळ्याच्या आत हे पाच पेचकस व्हायला हवे होते. झाले तर भट्टी राहील, असं चांगदेवाला वाटत होतं. बानूबाईला तसं वाटत नव्हतं. पण भट्टी राहावी एवढं मात्र तिला त्याच्याहून जास्त वाटत होतं. रोज सकाळी ऐरणीला हळदकुंकू लावल्याशिवाय ती चूल पेटवत नसे. भोसरीच्या खोलीत ऐरण कुठं ठेवायची?

काम सुरू झालं की दोघं बोलत नसत. भादव्याचं ऊन पत्र्यातून उतरायचं, वर भट्टीची धग. जुन्या जीपची स्प्रिंग तापवून सरळ करायची. ती ठिगळं लावलेला भाता ओढायची, मग भाता सोडून घण उचलायची. घणाच्या दहाव्या-पंधराव्या घावाला तिच्या उजव्या खांद्यातून कळ निघून मानेत जायची. पदर कमरेला खोचलेला, कपाळावरचं कुंकू घामानं नाकावर उतरलेलं. सळई चौकोनी झाली, की चांगदेव टोक चपटं करायचा आणि मग चाकावर धरायचा.

आणि तिथंच सगळं बिघडत होतं. पिढ्यान् पिढ्या त्या हातानं कोयते, विळे, कुऱ्हाडी धरल्या होत्या. लोखंड चाकाला टेकलं, की मनगट आपसूक कलायचं आणि धार यायची. ‘दाढी करू का’ ऐकून आल्यावर त्यानं टोकाची धार मारून टाकली, पण अंग निमुळतंच राहिलं. मोडीतला पेच वाईसच्या पकडीत आवळून जोर दिला, की टक् करून पेचकस वर. चिरेचा एक ओठ सोलून निघायचा.

मग त्यानं चाक सोडलं आणि कानस घेतली. दोन्ही बाजू सरळ, एका जाडीच्या केल्या. हे टोक चिरेत बसलं अगदी देवघरातल्या देवासारखं. पण जिथं बारीक टोक संपून जाड अंग सुरू होत होतं, तिथं कानशीची पायरी पडली होती. पेच आवळला, चांगदेवानं जोर दिला, आणि पेचकस नेमका त्या पायरीशी मोडला. तुटका तुकडा पत्र्यावर जाऊन वाजला. दुसरा तसाच. तिसऱ्याला त्यानं पाणी कमी दिलं, कडकपणा कमी ठेवला, तर तो मोडला नाही, पिळला. ओल्या फडक्यासारखा.

सोसायटीचे मारुतराव नदीकडून येताना थांबले. “काय चांगदेव, आठ दिस झालं एक खिळाच घासतुयास! माझ्या बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव ढिली झाली ती कवा बसवायची?”

“आणा की आप्पा. कवा बी आणा.”

“आणली आसती, पण केडगावला नवीनच घालून घेतली,” मारुतराव हसत म्हणाले आणि निघून गेले.

चांगदेवानं हातातली कानस ऐरणीवर आपटली. कानशीचे दोन तुकडे झाले. बानूबाईनं ते उचलून बाजूला ठेवले. ‘ऐरण हाय ती,’ एवढंच म्हणाली. त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

संध्याकाळी तुळशीपुढं दिवा लावायचा हा तिचा दुसरा नेम. तुळशीच्या बुडाशी एक गोल दगड होता, तळहाताएवढा, मधे भोक पडलेला. त्या भोकात पणती नेमकी बसायची. दगड म्हणजे सासऱ्याचं धारेचं चाक. मुळात परातीएवढं होतं म्हणे. सासऱ्यानं आयुष्यभर घासून घासून तेवढंसं केलं. तो गेल्यावर ताईबाईनं ते भंगारात जाऊ दिलं नाही, तुळशीपाशी आणून ठेवलं. आता त्याला कुंकवाचे थर बसले होते.

वात पुढं सारायला बानूबाईनं एक तुटका पेचकस जवळ ठेवला होता. वात सारून तिनं तो दगडाच्या कडेला टेकवून ठेवला आणि हात जोडले. डोळे उघडले तेव्हा तिला दिसलं. दगडाची कड गोल, पेचकसाचं अंग तिला भिडलेलं. ही एवढी लहान कड लोखंडात शिरली, तर सपाट घासणार नाही, घळ पाडील. ओढ्याच्या पाण्यानं काठ आतून खावा, तशी. मग टोक सरळ राहील, आणि वरचं अंग हळूहळू जाड होत जाईल. निमुळतं नाही आणि पायरीही नाही. मोठं चाक हे करू शकत नव्हतं. त्याची कड इतकी मोठी, की एवढ्याशा लोखंडाला ती सपाटच.

 मग तिनं पणतीकडे पाहिलं. दिव्याचं आसन काढून द्यायचं? आणि तेही सासऱ्याचा हात लागलेलं, ज्याला ताईबाई रोज सकाळी पदरानं पुसते? ती रात्रभर कूस बदलत राहिली. सकाळी भाता ओढतानाही बोलली नाही. आपल्याला तरी काय कळतं त्यातलं, असं तिनं स्वतःला चार वेळा सांगितलं.

दुपारी ताटं मांडली. तिनं पाणी फिरवलं, घास घेतला.

चांगदेव आज ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, “उद्या दौंडला जातो. डबी देऊन टाकतो मिस्त्रीला. आन् हौसरावला निरोप धाडू. पोळ्याला येऊच द्या, त्याच्याबरुबर निघतो. चुरा तर चुरा. ऐरण मारुतरावांच्या गोठ्यात ठिवू, गुरांच्या दावणीला खुट्टा म्हणून उपेगी पडंल.”

बानूबाईच्या हातातला घास तसाच राहिला. चांगदेवाचं ओरडणं तिनं अडीच महिने गिळलं होतं. हा आवाज गिळता येईना.

“तुळशीखालचा दगड,” ती म्हणाली.

 ताईबाईचा हात तोंडाकडे जाता जाता थांबला. “अगं बाने! बोललीस!”

बानूबाईनं घास ताटात ठेवला, ताटाला नमस्कार केला आणि उठली. डोळ्यांत पाणी आलं होतं ते तिनं कुणाला दिसू दिलं नाही. ताट गाईपुढं ठेवून, हात धुऊन ती परत आली आणि मग भराभर बोलली, घळ, कड, पायरी, सगळं.

चांगदेवानं ताट बाजूला सारलं. “आन् हे कवापास्नं ठावं तुला?”

“काल दिवा लावल्यापास्नं.”

“आन् सकाळधरनं मी झक मारतूय!” तो ओरडला. “सकाळी तर ताटावर न्हवतीस!”

 ती सासूकडे बघायला लागली. ताईबाई भिंतीचा आधार घेत उठली, अंगणात गेली आणि वाकून तिनं स्वतः तो दगड उपसला. पदरानं कुंकू पुसलं. पुसता पुसता म्हणाली, “त्यांनी काय देव म्हणून घासला हुता का ह्यो? चाक म्हणून घासला.” आणि मुलाच्या हातात दिला.

मोठं चाक उतरवून, कण्याला बाभळीच्या पाचरी ठोकून दगड बसवायला दुपार गेली. एवढासा दगड, तर मूठ दुपटीनं जोरात फिरवायला लागायची. बानूबाईनं कंबर कसली. पोटात अन्न नव्हतं, खांदा ठणकत होता, पण मूठ एका लयीत फिरत होती. ताईबाई लोट्यानं थेंब थेंब पाणी सोडत होती, लोखंड तापून त्याचा कडकपणा उतरू नये म्हणून. चांगदेवानं मनगट दोनदा कलवलं, दोन्हीदा स्वतःलाच शिवी दिली. आणि मग घळ पडायला लागली. पुढून एक, मागून एक. टोक शेवटपर्यंत सरळ.

वाईसमधल्या पेचावर त्यानं पेचकस ठेवला, अंगाचा भार दिला आणि फिरवला. चढला नाही. मोडला नाही. पेच फिरला.

चांगदेवानं पेच परत आवळला, परत फिरवला. असं किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक. शेवटी ताईबाई म्हणाली, “आरं पुरं कर, त्याला चक्कर यील.”

त्या संध्याकाळी बानूबाईनं पणती कुठं ठेवावी म्हणून इकडंतिकडं पाहिलं आणि उतरवलेलं मोठं चाक लोटत नेऊन तुळशीपाशी आडवं टाकलं. पणती त्याच्या भोकातून खालीच गेली असती. मग कडेवर ठेवली. उपाशी पोटी तिला झोप मात्र छान लागली.

पाचही पेचकस पोळ्याच्या आदल्या दिवशी तयार झाले. पाणी देऊन, तापल्या लोखंडावर धरून, गव्हाळ रंग जाऊन निळा चढला की काढलेले, बाभळीच्या मुठी. तेलाच्या फडक्यात गुंडाळून ते बानूबाईच्या मांडीवर दौंडला गेले. “तू चल,” एवढंच चांगदेव म्हणाला होता. का, ते त्यानं सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

जयसिंग मिस्त्रींनी चष्मा पुसून एकेक पेचकस उजेडाला धरला. अंगठा फिरवला. ह्या वेळी हसले नाहीत. आतून एक जुनी दोननळी आणली, तिच्या घोड्याजवळच्या पेचावर टोक टेकवलं, श्वास रोखला आणि मनगट वळवलं. कर्र करून पेच सुटला. चिरेवर ओरखडासुद्धा नव्हता.

“वा रे पठ्ठ्या! दोन महिने अडकला होता हा. ए, दोन चहा सांग! बाईंनाही सांग.” ठरल्यापेक्षा थोडं जास्तच त्यांनी चांगदेवाच्या हातावर ठेवलं. “काय हात आहे तुझा. आता माझ्या मरणापर्यंत बघायला नको. हे पाच मला जन्मभर पुरतात. तुला पुन्हा त्रास नाही!”

हे ते कौतुकानं म्हणत होते. चांगदेवानं कपबशी खाली ठेवली.

“मिस्त्री,” तो म्हणाला, “ते दुकानाचं…”

मिस्त्री पेचकस फडक्यात ओळीनं लावत होते. मान वर न करता म्हणाले, “बघू की.”

चांगदेवानं बानूबाईकडे पाहिलं. ती चहाच्या कपात बघत होती. ‘मी म्हणलं हुतं’ हे तिच्या तोंडावर यायला हवं होतं. आलं असतं तर त्याला ओरडता तरी आलं असतं. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. चहात साखर जास्त होती. परतीच्या यष्टीत त्याच्या रिकाम्या हातांना काय करावं ते सुचेना. तो मूठ उघडत राहिला, मिटत राहिला.

दुसऱ्या दिवशी पोळा. अमावस्या, म्हणून भट्टी बंद. रस्त्यानं शिंगं रंगवलेले बैल जात होते, मारुतरावांच्या दारात सोडून ठेवलेल्या गाडीची केडगावची नवी धाव उन्हात चमकत होती. बानूबाई सकाळीच चाकापाशी जाऊन पाचरी ढिल्या करायला लागली. दगड तुळशीला परत द्यावा, भोसरीला जायचंच तर देवाचं देवाजवळ राहावं.

“राहू दे,” मागून चांगदेव म्हणाला. “अमुश्याचं हत्याराला हात लावू नगं.”

तिनं पाचर सोडली.

हौसराव दुपारी आला. टेरिकॉटचा शर्ट, हातात घड्याळ. पुरणपोळीची ताटं वाढली. बानूबाईनं पाणी फिरवलं, डोळे मिटले, घास घेतला आणि सवयीनं मान खाली घालून वाट बघत राहिली. आज काय काय ऐकायला लागणार? मिस्त्रीवरचा राग, पेचकसांवरचा, निमोण्यावरचा. निघू दे. ऐकून घेऊ.

चांगदेव मुकाट जेवत होता. पोळी मोडायची, दुधात बुडवायची, खायची. त्याचं लक्ष ताटात नव्हतं. दाराबाहेर, चाकावरच्या त्या एवढ्याशा दगडावर होतं.

हौसरावाला राहवेना. “मग दाजी? साहेबाला उद्या सांगायचंय. येताय ना? काय ठरलं?”

चांगदेवानं घास गिळला. वाटीतलं दूध सावकाश पिऊन संपवलं.

“बघू,” तो म्हणाला.

बानूबाईचा हात ताटातच थांबला. काम नव्हतं, गिऱ्हाईक नव्हतं, दुकान नव्हतं. आणि हा बाबा! ‘मग खायाचं काय?’ हे शब्द तिच्या जिभेच्या अगदी टोकाशी आले. तिनं ते पुरणाबरोबर गिळले, आणि तोंड लपवायला पदर ओढून घेतला, कारण ते रडतंय की हसतंय हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

“हां, म्हंजी यणार!” हौसराव खूश होऊन म्हणाला. भोसरीत राहून राहून तो गावची भाषा विसरला होता. “मग उद्या सकाळच्या गाडीनं निघू. काय अक्का? सांग की!”

ताईबाईनं लेकाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं.

“तिला काय इचारतूस?” म्हातारी म्हणाली. “तिचा नेम हाय.”